जाब कोणाला विचारायचा? हिब्रू बायबलमधल्या इतिहासग्रंथांतला धर्मविचार

इ. स. पू. ५८६ च्या उन्हाळ्यात बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाच्या फौजेनं यरुशलेमचा तट पाडला, मंदिर जाळलं आणि शहरातली कर्ती माणसं कैद करून नेली. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढले गेले. दावीदाच्या घराण्याची शेकडो वर्षांची गादी तिथं संपली. त्या काळात अशा पराभवाचा अर्थ लावायला कुणाला फार विचार करावा लागत नसे. ज्याचं शहर पडलं त्याचा देव हरला, आणि जिंकणाऱ्याचा देव थोर ठरला. मवाबचा कमोश, अम्मोनचा मिलकोम हे यहूदाच्या शेजाऱ्यांचे देव आज फक्त शिलालेखांत उरले आहेत. यहूदाच्या लोकांचा देव मात्र त्या राखेतून टिकून राहिला. तो टिकला याचं एक मोठं कारण म्हणजे हरलेल्या लोकांनी लिहिलेला आणि जपलेला इतिहास.

हे ग्रंथ म्हणजे यहोशवा, शास्ते, शमुवेलाची दोन पुस्तकं आणि राजांची दोन पुस्तकं. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांतून आलेले इतिहासाचे दोन ग्रंथ, एज्रा, नहेम्या, आणि त्यांच्या जोडीला रूथ व एस्तेर या दोन कथा. मराठी बायबलमध्ये ही सगळी पुस्तकं सलग लागून येतात, त्यामुळे वाचक त्यांच्याकडे सहज ‘इतिहास’ म्हणून पाहतो. यहुदी परंपरेतली मांडणी वेगळी आहे. तिथं यहोशवापासून राजांपर्यंतचे ग्रंथ ‘पूर्व संदेष्टे’ या विभागात, यशया-यिर्मयाच्या पंगतीत बसतात, आणि इतिहास, एज्रा, रूथ वगैरे शेवटच्या ‘लेख’ या विभागात जातात. राजांची हकीगत सांगणारा ग्रंथ संदेष्ट्यांमध्ये मोजायचा, यातच त्याचा हेतू उघड होतो. काय घडलं एवढं सांगून हे लेखक थांबत नाहीत. ते का घडलं आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे त्यांना सांगायचं आहे.

या प्रश्नावरच्या आधुनिक अभ्यासाला १९४३ साली जर्मन अभ्यासक मार्टिन नोथ यानं मोठं वळण दिलं. यहोशवाच्या आधी येणाऱ्या ‘अनुवाद’ या पुस्तकापासून २ राजेपर्यंतचं सगळं लेखन एका हातानं, बंदिवासाच्या काळात, जुनी साधनं जुळवून रचलं आहे, असं त्यानं मांडलं. त्याच्या मते हा सगळा ग्रंथ म्हणजे एक आरोपपत्र: करार मोडला, शिक्षा झाली, विषय संपला. गेरहार्ड फोन राड याला हे पटलं नाही. दावीदाच्या घराण्याला दिलेलं वचन या ग्रंथात पुन्हा पुन्हा येतं, आणि शेवटच्या चार ओळींत बाबिलोनच्या कैदेतला राजा यहोयाखीन सुटून राजाच्या पंक्तीला बसतो. म्हणजे दार अजून किलकिलं आहे, असं त्याचं म्हणणं. १९६१ मध्ये हान्स वॉल्टर वोल्फ यानं तिसरी बाजू मांडली. हा ग्रंथ शिक्षेचाही नाही आणि वचनाचाही नाही, तो लोकांना देवाकडे परत फिरायला सांगतो, असं तो म्हणाला. पुढे अमेरिकेत फ्रँक मूर क्रॉस यानं १९७३ मध्ये दोन आवृत्त्यांची कल्पना मांडली: पहिली योशीया राजाच्या उमेदीच्या काळातली, आशेनं भरलेली, दुसरी सर्वनाशानंतरची, त्या आशेवर अश्रू ढाळणारी. मला क्रॉसची मांडणी जास्त पटते. या ग्रंथात उमेद आणि विलाप एकमेकांत असे मिसळले आहेत की ते एकाच मनाचे, एकाच दिवसाचे वाटत नाहीत.

यहोयाखीनच्या त्या शेवटच्या चार ओळींना योगायोगानं एक पुरावाही मिळाला. रॉबर्ट कोल्डेवाय यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबिलोनमध्ये उत्खनन केलं, तेव्हा मातीच्या काही पाट्या सापडल्या. त्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. राजवाड्याच्या कोठारातून कोणाला किती तेल दिलं याच्या त्या नोंदी आहेत, आणि त्यांत यहूदाच्या राजाचं नाव आणि त्याच्या पाच मुलांचा उल्लेख आहे. बंदिवान राजाच्या तेलाचा हिशेब बाबिलोनच्या कारकुनानं ठेवला, आणि त्याच राजाच्या जेवणाच्या पंक्तीची नोंद यहुदी लेखकानं ठेवली. एकासाठी तो खर्च होता, दुसऱ्यासाठी उरलेली आशा.

करार हा या सगळ्या विचाराचा पाया. देवानं या लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवलं, जमीन दिली, आणि बदल्यात एकनिष्ठा मागितली. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात निष्ठा मोडल्यास येणाऱ्या शापांची जी लांबलचक माळ आहे, ती अश्शूरचा सम्राट एसर-हद्दोन यानं इ. स. पू. ६७२ मध्ये आपल्या मांडलिकांकडून घेतलेल्या शपथपत्राशी कमालीची जुळते. या शपथपत्राच्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला सापडल्या. सम्राटाला वाहायची निष्ठा यहूदाच्या लेखकांनी उचलली आणि देवाच्या पायाशी नेऊन ठेवली. यातलं धाडस लक्षात घेण्यासारखं आहे. आपला खरा धनी निनवेच्या सिंहासनावर बसलेला नाही, एवढं ते एका मांडलिक देशात बसून सांगत होते.

याच मापानं मग प्रत्येक राजा मोजला जातो, आणि इथं राजांच्या ग्रंथाचा लेखक निष्ठुर आहे. उत्तरेच्या इस्राएल राज्यातला अम्री घ्या. त्यानं शोमरोनची टेकडी विकत घेऊन राजधानी वसवली. त्याचं घराणं संपल्यावरही अश्शूरचे लेखनिक त्या देशाला अम्रीच्या घराण्याचा देश म्हणत राहिले. एवढ्या मोठ्या राजाला हा ग्रंथ जेमतेम सहा ओळी देतो: टेकडी घेतली, वाईट वागला, मेला. बाकीचं वाचायचं असेल तर राजांच्या बखरी आहेत, असंही लेखक सांगतो. त्या बखरी काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. लढाया, वेशी, बांधकामं, खंडणी यांचा हिशेब तिथं होता. इथं विचारला जातो तो एकच प्रश्न, या राजानं लोकांना कुठे नेलं? इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलं, तेव्हा २ राजेच्या सतराव्या अध्यायात लेखक गोष्ट थांबवतो आणि स्वतः बोलू लागतो. अश्शूरच्या फौजेचं बळ त्याला सांगण्यासारखं वाटत नाही. दोष घरचा आहे, असं तो लांबलचक सांगतो.

आपल्या देशावर आपलाच देव रागावतो आणि म्हणून शत्रू जिंकतो, ही कल्पना एकट्या यहुद्यांची नव्हती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथं मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अम्रीनं मवाबला बरीच वर्षं छळलं ते कमोश आपल्या भूमीवर कोपला होता म्हणून, असं मेशा सांगतो. शब्दांचा घाट इतका सारखा आहे की देवाचं नाव बदललं तर ओळ शास्त्यांच्या पुस्तकातली वाटावी. पण मेशा हे जिंकल्यावर लिहितो आहे. कोप सरला, मी उठलो, नगरं परत घेतली. कमोश का कोपला होता, कोणाचं काय चुकलं, हे तो सांगत नाही, आणि त्यात राजाची चूक असेल ही शक्यता त्या दगडावर कुठेच नाही. यहूदाचे लेखक सर्वस्व गेल्यावर लिहितात आणि बोट आधी राजाकडे दाखवतात. माझ्या मते या ग्रंथांचं वेगळेपण इथं आहे.

राजसत्तेविषयीचा संशय तर पहिल्यापासूनच आहे. शास्त्यांच्या नवव्या अध्यायात योथाम एक गोष्ट सांगतो: झाडांना राजा हवा होता, जैतून, अंजीर, द्राक्षवेल यांनी आपलं फळ देणं सोडून राज्य करायला नकार दिला आणि शेवटी काटेरी झुडूप राजा झालं. लोक शमुवेलाकडे राजा मागायला येतात तेव्हा म्हातारा शमुवेल त्यांना पुढचं सगळं वाचून दाखवतो. तुमची मुलं रथांपुढे धावतील, मुली त्याच्या स्वयंपाकघरात राबतील, उत्तम शेतं आणि मळे तो आपल्या चाकरांना देईल, दहावा हिस्सा घेईल आणि शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. तरीही लोकांना राजा हवा असतो आणि देव म्हणतो, देऊन टाक. त्याच ग्रंथात, फार दूर न जाता, नाथान संदेष्टा दावीदाला कायमच्या गादीचं वचन देतो. ही दोन मतं एकमेकांशी जुळत नाहीत. संपादकांनी दोन्ही ठेवली. आणि वचन मिळालेल्या त्याच दावीदानं उरीयाची बायको बळकावून उरीयाला लढाईत मारवलं, तेव्हा तोच नाथान त्याच्या दरबारात उभा राहून गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि न्यायनिवाडा करायला बसलेल्या राजालाच आरोपी ठरवतो. शेजारच्या देशांत राजांच्या कोरीव लेखांत राजा देवाचा लाडका असतो. इथं लाडक्या राजाची लाज वेशीवर टांगलेली आहे.

नाबोथाची गोष्ट जरा निवांत पाहिली पाहिजे, कारण या धर्मविचाराचा सगळा भार तिच्यात उतरलेला आहे. इज्रेलमध्ये अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथं भाजीचा मळा करायचा होता. त्याचं बोलणं वरवर रास्तच आहे: बदल्यात याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही, देवानं मला तसं करू देऊ नये. हा नकार हट्टाचा नाही. जमीन देवाची आहे, घराण्यांना ती वाटून दिलेली आहे आणि ती बाजारात विकायची वस्तू नाही, असा कराराचा कायदा आहे, आणि नाबोथ राजाला तो ऐकवतो आहे. अहाब घरी येतो, तोंड फिरवून बिछान्यावर पडतो, जेवत नाही. सिदोनहून आलेली राणी ईजबेल हे पाहून चकित होते. तिच्या माहेरी राजाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. ती अहाबाच्या नावानं पत्रं लिहिते, त्याची मोहर उठवते, गावच्या वडीलधाऱ्यांना उपासाचा दिवस ठरवायला सांगते आणि दोन खोटे साक्षीदार बसवायला सांगते. आरोप देवाच्या आणि राजाच्या निंदेचा. गावकरी सगळं यथासांग पार पाडतात. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारतात. कायद्याचे सगळे सोपस्कार झाले, साक्षी झाल्या, निकाल लागला, आणि एक माणूस जमिनीसाठी मेला. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला जातो तेव्हा तिथं एलीया संदेष्टा उभा असतो. बआल देवाच्या पूजेवरून अहाबाशी झालेलं भांडण एका बाजूला, आणि एका शेतकऱ्याचा खून दुसऱ्या बाजूला. या लेखकाच्या तराजूत दोन्हीचं वजन सारखंच आहे.

या एलीयाला कोकणानं आपलं मानलं आहे, हे इथं सांगितलंच पाहिजे. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या, शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजात ‘एलियाहू हन्नबी’चा मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ताट मांडून, नवस फेडताना, लग्नकार्यात त्याचं नाव घेतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. अहाबाला मळ्यात गाठणारा तो कठोर माणूस मराठी घरांत आशीर्वाद देणारा झाला.

नाबोथाच्या गोष्टीच्या शेवटी एक गाठ आहे. एलीयाचे शब्द ऐकून अहाब गोणपाट नेसतो, नमतो, म्हणून शिक्षा त्याच्या मुलाच्या काळापर्यंत पुढे ढकलली जाते. म्हणजे बापाचं देणं मुलानं फेडायचं. हा प्रश्न पुढे राजांच्या ग्रंथाला फार छळतो, आणि मनश्शेपाशी तो टोकाला जातो.

मनश्शे बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ५५ वर्षं राज्य केलं. यहूदाच्या कोणत्याही राजानं इतकी वर्षं राज्य केलं नाही. अश्शूरच्या सम्राटांच्या नोंदींत तो इमानी मांडलिक म्हणून दिसतो. त्याच्या काळात देशाला बऱ्यापैकी शांतता होती. २ राजेच्या एकविसाव्या अध्यायात मात्र तो सर्वांत नीच राजा आहे. त्यानं मंदिरात अशेराची मूर्ती बसवली, मुलाला अग्नीत होमलं, यरुशलेम निरपराध्यांच्या रक्तानं भरलं. त्याचा नातू योशीया इतका भला निघाला की त्याच्यासारखा आधी झाला नाही आणि नंतरही नाही, तरी मनश्शेचं पाप फिटलं नाही, आणि त्यापायीच यरुशलेम पडलं, असं लेखक स्पष्ट म्हणतो. आता पुढच्या वाचकाला प्रश्न पडणारच. एवढा पापी राजा ५५ वर्षं सुखानं कसा जगला? आणि मेलेल्या राजाच्या पापासाठी जिवंत माणसांची घरं का जळाली?

बहुधा इ. स. पू. चौथ्या शतकात लिहिलेल्या इतिहासाच्या ग्रंथानं यावर उत्तर दिलं. त्याच्या लेखकापुढे शमुवेल आणि राजे हे ग्रंथ होते. बरीच पानं तो जवळजवळ जशीच्या तशी उतरवतो, म्हणून जिथं तो बदलतो तिथं त्याचं मन उघडं पडतं. त्याच्या २ इतिहास ३३ मध्ये अश्शूरचे सरदार मनश्शेला आकड्यांनी जखडून बाबिलोनला नेतात. तिथं तो प्रार्थना करतो, देव ऐकतो, तो परत येतो, मूर्ती काढून टाकतो. दीर्घ राज्याचं कोडं सुटलं, आणि यरुशलेमच्या नाशाचं खापर एका माणसावर फुटायचं टळलं. प्रत्येक पिढीचा हिशेब त्या पिढीनं द्यायचा, आणि अगदी मनश्शेसुद्धा परत फिरू शकतो. बंदिवासातून आलेल्या पिढीला याच शब्दाची गरज होती. आपण आजोबांच्या पापाखाली कायमचे गाडलेले आहोत असं वाटणाऱ्या माणसांना मंदिराची वीट रचायला हात कसा उचलवेल?

याच लेखकानं दावीदाच्या शिरगणतीची गोष्टही बदलली. शमुवेलात देव स्वतः रागावून दावीदाला शिरगणती करायला लावतो आणि मग त्याबद्दल ७०,००० माणसं मरीनं मरतात. इतिहासाच्या लेखकाला हे सोसवलं नाही. त्याच्या ग्रंथात दावीदाला चिथावणारा सैतान आहे. देवाच्या अंगाचा डाग पुसला, पण वाईटाची एक स्वतंत्र सत्ता जगात आणली, आणि त्या उत्तरातून पुढे किती प्रश्न निघाले हे धर्माच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. उरीयाच्या बायकोचं, बथशेबाचं, प्रकरणही त्यानं गाळलं. त्याचा दावीद मंदिराची आखणी करतो, मंदिराच्या सेवेतल्या लेवींच्या गाण्याच्या पाळ्या लावतो आणि बहुतांशी निष्कलंक राहतो. साहित्य म्हणून शमुवेलातला दावीद कितीतरी मोठा आहे, हे मला ठाम वाटतं. पण इतिहासाच्या ग्रंथाची नुसती रंगसफेदी म्हणून हेटाळणी करणाऱ्या जुन्या अभ्यासकांनी त्याच्या वाचकांची गरज ओळखली नाही.

दोन्ही ग्रंथांचा कस लागतो तो योशीयाच्या मरणापाशी. इ. स. पू. ६२२ च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालू असताना महायाजक हिल्कीयाला नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. ते खरं का, हे विचारायला राजाची माणसं जातात ती हुल्दा या संदेष्ट्री बाईकडे. नाश अटळ आहे, पण राजाला शांतीनं मरण येईल, असं ती सांगते. राजा देशभरची उपासनास्थळं पाडतो, सगळी भक्ती यरुशलेमात आणतो. हे सापडलेलं पुस्तक म्हणजे अनुवादाचाच एखादा जुना भाग असावा, असं डी वेट्टे यानं १८०५ मध्येच म्हटलं होतं आणि ते आजही बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. मग इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मिसरच्या नखो राजानं योशीयाला मारलं. वय जेमतेम चाळीस. भल्याचं भलं होतं या सिद्धान्ताला याहून मोठा तडा नाही. २ राजेचा लेखक एका ओळीत मरण सांगतो आणि गप्प बसतो. हुल्दाचं वाक्य त्यानं खोडलं नाही, सावरलंही नाही. इतिहासाचा लेखक कारण शोधतो: नखोच्या तोंडून देवच बोलत होता आणि योशीयानं ऐकलं नाही. परक्या राजाच्या तोंडी देवाचा शब्द घालायची त्याची तयारी थोर आहे, पण उत्तर ओढूनताणून आणलेलं वाटतं. मला २ राजेचं मौन जास्त प्रामाणिक वाटतं.

यहोशवाचं पुस्तक आज वाचताना अंगावर येतं. यरीहोत बाया, मुलं, म्हातारे, गुरं यांचा समूळ नाश करायचा आणि तो देवाला वाहायचा, असा हुकूम आहे. मेशाच्या शिलालेखातही हीच प्रथा, याच शब्दानं येते. कॅथलीन केन्यन हिनं १९५२ ते १९५८ या काळात यरीहोत उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाचा जो काळ मानला जातो त्या काळात तिथं तटबंदीचं शहर असल्याची खूण मिळाली नाही. पुरातत्त्वाचा आजचा कल असा की इस्राएल बाहेरून लाटेसारखा आला नाही. बराचसा तिथल्याच डोंगराळ वस्त्यांतून हळूहळू घडला. म्हणजे हे हत्याकांड बहुधा जसं लिहिलंय तसं घडलंच नाही. एवढं म्हणून सुटका होत नाही. घडलं नसेल, पण लिहिलं गेलं, पवित्र मानलं गेलं, आणि अमेरिकेत गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी स्वतःला इस्राएल आणि तिथल्या मूळ लोकांना कनानी ठरवलं. ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅलन वॉरियर यांनी १९८९ मध्ये विचारलं, की ही गोष्ट कनानी लोकांच्या बाजूनं वाचली तर काय दिसतं? त्या प्रश्नापुढे आढेवेढे घेऊ नयेत. यहुदी परंपरेनं आपल्या परीनं हे दार बंद केलं आहे: अश्शूरच्या सन्हेरीब राजानं सगळ्या राष्ट्रांची सरमिसळ केली, कोण कनानी हे आता ओळखता येत नाही, तेव्हा तो हुकूमही संपला, असा निवाडा रब्बींच्या चर्चांतून निघाला. ग्रंथाच्या आतही ठळक विरोध आहे. यरीहोची वेश्या राहाब वाचते आणि इस्राएलात सामावते. लूट चोरणारा आखान चांगल्या कुळातला असूनही मरतो. रेघ रक्तावरून ओढलेली नाही.

शास्त्यांच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात सांगतो. लोक बिघडतात, शत्रू छळतो, लोक आकांत करतात, देव सोडवणारा पाठवतो, या फेऱ्याचा प्रत्येक वळसा आधीच्यापेक्षा खाली जातो. इफ्ताह नवसापायी मुलीचा बळी देतो. एकोणिसाव्या अध्यायात एका लेवीच्या उपपत्नीवर गावगुंड रात्रभर अत्याचार करतात. देव या दोन्ही ठिकाणी बोलत नाही. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये या कथांवर लिहून या बायकांना अभ्यासाच्या मध्यभागी आणलं. त्याआधी त्यांच्याकडे पाहणारे फार थोडे होते, ही खेदाची गोष्ट आहे.

मंदिराविषयीचा विचारही सरळ नाही. इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीबानं यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतली; लाखीशच्या वेढ्याची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतात. हिज्कीया राजानं दिलेल्या खंडणीत ३० किक्कार सोनं होतं, हा आकडा बायबलमध्ये आणि सन्हेरीबाच्या लेखात एकच आहे. यरुशलेम मात्र पडलं नाही, आणि त्यातून एक भ्रम रुजला: देवाचं घर आहे तोवर या शहराला धक्का लागणार नाही. १ राजेच्या आठव्या अध्यायात शलमोन मंदिर वाहताना जी प्रार्थना करतो, ती या भ्रमावरचं औषध आहे. आकाशात न मावणारा देव या घरात कसा मावेल, असं तो विचारतो. आणि पुढे, परक्या देशात कैद झालेले लोक या दिशेला तोंड करून प्रार्थना करतील तर ती ऐक, असं मागतो. उद्घाटनाच्या दिवशीच बंदिवासाची तयारी. बहुधा हे शब्द बंदिवासातच लिहिले गेले. मंदिर पाडलं तरी प्रार्थना पडत नाही, हे तिथं ठरलं.

परत आल्यावरचा प्रश्न होता, आपण कोण? पर्शियाच्या कोरेश राजाच्या हुकुमानं लोक परतले, इ. स. पू. ५१५ मध्ये दुसरं मंदिर उभं राहिलं, नहेम्यानं ५२ दिवसांत तट बांधला. त्याच नहेम्यानं सावकारांना बोलावून गहाण पडलेली शेतं आणि घरं गरिबांना परत करायला लावली. तट आणि कर्जमाफी एकाच पुस्तकात आहेत, हे विसरू नये. पण एज्राच्या शेवटी परक्या जातीच्या बायका केलेल्या शंभराहून अधिक पुरुषांची यादी आहे, आणि त्या बायकांना मुलांसकट घालवून दिलं जातं. त्या बायका कुठे गेल्या, हे पुस्तक सांगत नाही. तिकडे रूथ ही मवाबी विधवा सासूच्या मागं बेथलेहेमला येते, लोकांच्या शेतात सरवा वेचते आणि दावीदाची पणजी होते. एकच ग्रंथसंग्रह, आणि दोन उलट उत्तरं.

हा वाद जुना झालेला नाही. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळानं बेने इस्राएल जोडप्यांच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासायचा आदेश काढला. रायगड-मुंबईहून गेलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्या या मराठी बोलणाऱ्या माणसांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करा, असं सांगितलं गेलं. १९६४ मध्ये त्यांनी यरुशलेममध्ये आंदोलन केलं, प्रश्न संसदेत गेला, आणि शेवटी ते सर्वार्थानं यहुदी आहेत असं मान्य झालं. एज्राच्या यादीची आणि रूथच्या सरव्याची ओढाताण त्यांच्या अंगावरून गेली.

एस्तेरविषयी एवढंच, की तिच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही. चमत्कार नाही, संदेष्टा नाही; एका राणीनं जीव मुठीत धरून राजापुढे जायचं ठरवणं आहे. परदेशात विखुरलेल्या लोकांसाठी ही भाषा जवळची होती.

या ग्रंथांचं सार ‘पाप केलं की शिक्षा, पुण्य केलं की फळ’ असं सांगितलं जातं, ते अपुरं आहे. तो नियम मांडला जातो, पण योशीया, मनश्शे, उरीया, नाबोथ आणि इफ्ताहाची मुलगी त्याच्या आड येत राहतात, आणि संपादक त्यांना बाजूला काढत नाहीत. टिकतो तो दुसरा विचार: सत्ता उत्तरदायी आहे, आणि तिला प्रश्न विचारणारा माणूस देवाच्या बाजूचा असतो.

ज्यांना हे प्रथमच वाचायचं आहे त्यांनी यहोशवापासून सुरुवात करू नये. आधी २ शमुवेलाचे अकरावा आणि बारावा अध्याय वाचावेत, मग १ राजे २१ मधला नाबोथ. त्यानंतर २ राजे २१ आणि २ इतिहास ३३ शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहावं. मराठीत त्यासाठी सोय चांगली आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं संपूर्ण भाषांतरही आहे. यहोशवा शेवटी वाचावा, आणि राहाबेच्या खिडकीतून वाचावा.